आपल्या पायानं जाणारं पाणी

म्हस्कूला पाण्यातलं कळतं असं गावात सगळे म्हणत, आणि सगळे म्हणतात म्हटल्यावर म्हस्कूलाही ते पटून गेलं होतं. अंबड तालुक्यातल्या त्या गावात कुणाला विहिरीवरून शेतात पाइपलाइन न्यायची असली की बोलावणं म्हस्कूला यायचं. करवत, पाना आणि जोड चिकटवायच्या सोल्युशनचा डबा सायकलला अडकवून तो निघे. मध्ये नाला येवो की टेकाड येवो, त्यानं गाडलेल्या पाइपातून पलीकडच्या टोकाला पाणी धबाधबा पडणार म्हणजे पडणारच. "मोटार तेवढी दणकट आना, बाकीचं मपल्याकडं," एवढंच तो मालकाला सांगे.

अशा माणसाला स्वतःच्या परसातला तीस फुटांचा पाइप जोडायला दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. ते त्याच्या जिवाला फार लागलं होतं.

पाइप संडासाचा होता. दोन हजार दोन सालच्या माघात त्याची माय गोपिकाबाई पहाटे टमरेल घेऊन नाल्याकडं गेली, ती घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. जालन्याच्या दवाखान्यात आत सळई घातली. सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, आजींना उकिडवं बसू द्यायचं नाही आणि बाहेर रानात तर पाठवायचंच नाही. म्हस्कूनं त्याच आठवड्यात तातेराव मिस्तरीला गाठलं. घरामागं उंच जोत्यावर संडासाची खोली उभी राहिली, भांडं बसलं, परसाच्या खालच्या कोपऱ्यात टाकी बांधून झाली. सुतारानं जुन्या खुर्चीच्या बैठकीत गोल भोक पाडून दिलं, म्हणजे भांड्यावर ती खुर्ची ठेवून माय नीट बसेल. राहिला तो भांड्यापासून टाकीपर्यंतचा पाइप, आणि ऐन वेळी तातेराव भाचीच्या लग्नाला आष्टीला निघाला.

जाताना टाकीच्या भिंतीत वरच्या अंगाला ठेवलेलं भोक दाखवून तो म्हणाला, "म्हस्कूभाऊ, आठ दिवसांत येतो. तवर ह्याला हात लावू नका. ढाळ मी मोजून ठिवलाय."

"मिस्तरी, गावातल्या समद्या पाइपा मी गाडल्या."

"म्हनून तर सांगून राह्यलो," तातेराव म्हणाला आणि एसटी धरायला गेला.

म्हस्कूनं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेळ्यांना पाला टाकत होता, तेव्हा इंद्रायणी, त्याची बायको, हातात फडकं घेऊन आली. फडक्यात भाकरीचे वाळून कडक झालेले तुकडे होते.

"अवो, आत्याबाई जेवून न्हाई राह्यल्या. गोधडी झटकली तर खालून हे निघालं. चार दिसांचं असंल. मी ताट न्यायला जाते तवा ताट रिकामं असतं. मला वाटायचं, खातेत."

"अन् का म्हून?"

इंद्रायणी फडक्याची गाठ सोडत-बांधत राहिली. "खाल्लं की भांडं मागावं लागतं न. मला हाक मारावी लागते."

दवाखान्यातून आणलेलं ते शौचाचं पत्र्याचं भांडं इंद्रायणीच सरकवायची, इंद्रायणीच काढायची, राख टाकून घासायची. तेवढा वेळ गोपिकाबाई तोंडावरून पदर ओढून घ्यायची. पदराखाली ती जागी असायची, पण सून "झालं का" म्हणाली तरी हूं का चूं करायची नाही.

"मी कधी काही म्हनले का त्यान्ला? कधी नाक तरी दाबलं का?" इंद्रायणीला रडू फुटलं.

ती खरंच कधी काही म्हणाली नव्हती, आणि म्हातारीला तेच जड जात होतं. सुनेनं एकदा तरी तोंड वाकडं केलं असतं तर गोपिकाबाईनं चार शब्द सुनावले असते आणि तिचं मन हलकं झालं असतं. म्हस्कू आत जाऊन मायजवळ बसला. मायचं मनगट त्याच्या दोन बोटांत मावत होतं. खुब्याचं दुखणं उतरणीला लागलं होतं, वॉकर धरून ती ओट्यापर्यंत चालत होती, आणि इकडं खाण्यावाचून वाळत चालली होती. जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळायचं तर पोटात अन्न पाहिजे. म्हस्कू बाहेर आला आणि त्यानं कुदळ उचलली. आठ दिवस थांबायला तातेरावची माय थोडीच उपाशी होती!

परसाची जमीन घरापासून टाकीकडं चांगली दोन-अडीच फूट उतरत गेलेली. तातेरावनं मात्र टाकी जमिनीच्या वर गुडघाभर काढून ठेवली होती आणि भोकही त्या वरच्या भागातच ठेवलं होतं. त्या भोकात पाइप न्यायचा म्हणजे शेवटचे दहा-बारा फूट तो अधांतरीच. म्हस्कूला हसू आलं. पाइप काय दोरीवर वाळत घालायचा असतो? पाइप गाडायचा असतो. वीस वर्षं तो गाडत आला होता. आणि ढाळ द्यायचाच तर हात आखडून कशाला द्यायचा?

त्यानं जोत्यापासून टाकीपर्यंत जमिनीच्या उतारानं दोन फूट खोल चर खणला. मध्ये खडक लागला, तिथं वळसा घालायला दोन एल्बो टाकले. टाकीच्या भिंतीत तीन-साडेतीन फूट खाली छिन्नीनं नवं भोक पाडलं, आणि तातेरावचं भोक विटेचा तुकडा कोंबून, वरून सिमेंट थापून असं बुजवलं की भिंतीत कधी भोक होतं हे सांगूनही पटू नये. त्या भोकाचा त्याला राग आला होता असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाइप नुसते एकमेकांत सरकवून झाले. सोल्युशन लावण्याआधी एकदा पाणी सोडून बघायचं होतं. मायलाही बघू दे म्हणून त्यानं तिची बाज उचलून शेवग्याच्या सावलीत आणून टाकली. इंद्रायणीनं भांड्यात बादली ओतली. पाइपात धडधडलं आणि पुढच्या क्षणी टाकीत धबकन आवाज झाला.

"बघ माय!" म्हस्कूनं हात झटकले. "मिस्तरीला आठ दिस लागनार व्हते."

गोपिकाबाई कोपरावर रेलून आवाज ऐकत होती. "आनिक एक बादली टाक," ती म्हणाली. इंद्रायणीनं टाकली. पुन्हा धडधड, पुन्हा धबका.

"लई पळून राह्यलं," गोपिकाबाई म्हणाली.

"पळायलाच पायजे की."

"पानी पळंल रे. बाकीचं कोन नेईल?" मग सुनेकडं वळून म्हणाली, "इंद्रायणी, गाईच्या शेनाचा एक गोळा आन बरं."

ही बाई पाण्याविषयी बोलते म्हटल्यावर तिचं थोडं सांगायला हवं. म्हस्कूचा बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने गावाबाहेर असायचा. पोरांच्या पोटासाठी गोपिकाबाई पाटलाच्या मळ्यात रोजानं पाणी द्यायला जायची. विहिरीवर मोट चालायची आणि ती खोरं घेऊन पाटाकडेला उभी, एका वाफ्याचं तोंड फोडायचं, भरला की बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. दारं धरायचं हे काम बाईमाणसाला कुणी देत नसे, पण तिनं दिलेल्या पाण्यात वाफ्याचा एक कोपरा कोरडा राहत नाही म्हणून पाटील तिलाच बोलवी. पुढं इंजिन आलं, मोटार आली, पाट बुजले, पाइप आले, आणि पोरगा त्या पाइपांतला जाणकार झाला. तिला कुणी काही विचारायचं कारण उरलं नाही.

शेणाचा गोळा भांड्यात पडला, वरून बादली ओतली गेली. म्हस्कूनं टाकीवरची फरशी सरकवून आत डोकावलं.

"आलं, आलं. हिरवं पानी आलं."

"गोळा आला का?"

म्हस्कू चरात उतरला आणि दुसऱ्या एल्बोचा जोड खेचून काढला. अंड्यांवर कोंबडी बसावी तसा गोळा कोनात बसून होता. पाणी त्याच्या कडेकडेनं निघून गेलं होतं.

"अजून एक बादली टाकली तर जाईल," तो पुटपुटला.

"जाईल. अन् टाकीतलं पानी भायेर काढायचं भोक कुठशीक हाय?"

"पल्याडच्या भिंतीत. वर."

"अन् आत यायचं तू कुठं पाडलंस?"

म्हस्कूनं पुन्हा टाकीत डोकावलं. टाकी भरणार ती बाहेरच्या भोकापर्यंत. म्हणजे त्याचं भोक बुडणार. म्हणजे पाइप बुडणार, आणि चार दिवसांनी सगळं उलटं येऊन खुर्चीखालच्या भांड्यात उभं राहणार. तो चराच्या काठावर बसला. गावाच्या पाइपा गाडणाऱ्या माणसाला आपले मातीनं भरलेले हात कुठं ठेवावेत ते सुचेना.

"तुपलं काही चुकलं न्हाई," गोपिकाबाई म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. "मोटारीचं पानी ढकललेलं असतंय. मागून रेटा असतो, ते डोंगर बी चढतं. ह्याच्या मागं कोन हाय? कोनी न्हाई. हे आपल्या पायानं जानार. त्याला वाट करून द्यावी लागती."

"मंग आता?"

"मला खाली निजव. भुईला डोळा लागंल असं."

इंद्रायणीनं उतारावर गोधडी अंथरली. दोघांनी म्हातारीला चांगल्या अंगावर निजवलं. तिनं गाल गोधडीला टेकवला, एक डोळा मिटला आणि जोत्यापासून खाली टाकीच्या भिंतीपर्यंत कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "चर बुजव. वर बांध घाल."

म्हस्कूनं पाइप काढून घेतले आणि चर बुजवला. टाकी खणताना निघालेला मुरूम कोपऱ्यात पडलेलाच होता. म्हस्कू पाट्या भरभरून ओतू लागला, इंद्रायणी पाणी शिंपडायची, तो धुमसानं ठोकायचा. वीतभर रुंदीचा बांध भांड्याच्या तोंडापासून निघाला. बांधाच्या माथ्यावर गोपिकाबाईनं ओल्या चिकणमातीचा दांड, म्हणजे पाण्याचा छोटा पाट, करायला लावला, वावरात असतो तसाच, पण हातभर रुंदीच्या जागी चार बोटांचा. चार-चार फूट झालं की ती म्हणे, "सोड." इंद्रायणी वरून तांब्याभर पाणी सोडी, त्यात चिमूटभर ज्वारीचा कोंडा. म्हातारी पाण्याकडं बघतच नव्हती, ती कोंड्याकडं बघत होती.

"हितं दम खाऊन राह्यला. बोटभर खरवड."

म्हस्कू खरवडायचा.

"हितं धावला. मूठभर टाक. मूठभर म्हनले, पाटीभर न्हाई."

म्हस्कू मूठभर टाकायचा. एरवी मालकालाही उलट बोलणारा हा माणूस त्या दिवशी मायच्या एकेका बोटाबरोबर हलत होता. कोंडा थांबायला नको आणि पळायलाही नको. लेकुरवाळी बाई बाजारातून घरी यावी तशा चालीनं तो यायला हवा, एवढंच तिचं माप होतं.

संध्याकाळपर्यंत निम्मा बांध झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिकाबाई आपणहून म्हणाली, "मला भायेर न्या." उतरत्या जमिनीवर बांध आता उंच उंच होत निघाला होता, वीतभर, मग हातभर. ज्या अधांतरी पाइपाला म्हस्कू हसला होता, त्याच उंचीवर तो स्वतः मुरूम चढवत होता. टाकी पाच-सहा फुटांवर आली तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट आली.

तातेरावचं भोक कुठं होतं ते त्याला ठाऊक होतं, इंद्रायणीला ठाऊक होतं. मायला नव्हतं. टाकी बांधली तेव्हा माय पुढच्या खोलीत बाजेवर पडून होती, आणि ती परसात आली तोवर त्यानं ते सिमेंटनं बुजवून सारवलं होतं. भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखी दिसत होती. इंद्रायणीनं तोंड उघडलं, तसं म्हस्कूनं डोळ्यांनीच तिला थांबवलं. त्याला बघायचं होतं.

चार फूट राहिले. म्हातारीनं एका जागी बोटभर खरवडायला लावलं, म्हस्कूला वाटलं, गेलं आता, खाली जाणार. तीन फूट राहिले. तिनं मूठभर टाकायला लावलं. दोन फूट. तो आता भिंतीकडं बघायचंच टाळत होता. शेवटची माती थापून झाली आणि तो बाजूला सरला.

"सोड," गोपिकाबाई म्हणाली.

इंद्रायणीनं भांड्याच्या तोंडाशी तांब्या ओतला. पाणी निघालं. माथ्यावर कोंड्याचे कण घेऊन ते सबंध तीस फूट चालत आलं, कुठं अडखळलं नाही, कुठं घाईला आलं नाही, आणि भिंतीला येऊन टेकलं. सिमेंटवर एक ओला डाग उमटला.

"हितं पाड भोक," गोपिकाबाई म्हणाली.

म्हस्कूनं छिन्नी टेकवली आणि हातोडीचा एक घाव घातला. खपली निघावी तसं सिमेंट सुटून आलं, मागोमाग विटेचा तुकडा आत पडला, आणि तातेरावचं गोल भोक उघडं झालं. साचलेलं पाणी कोंड्यासकट सावकाश आत उतरलं. भोकाच्या तळाची कड आणि दांडाचा तळ यांत नखाचंही अंतर नव्हतं.

आठ-आठ दिवस मोटारी चालवून त्यानं लाखो घागरी पाणी रानात पाडलं होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. मोडक्या खुब्याची, अर्धपोटी म्हातारी मातीला गाल लावून निजते काय आणि पाणी तिचं ऐकतं काय! तो तिथंच गुडघ्यावर बसून राहिला. इंद्रायणीनं तर तांब्या हातातच धरून डोळे पुसायला सुरुवात केली होती.

गोपिकाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "आधीचंच भोक व्हतं व्हय रे हितं?"

"व्हय माय. मिस्तरीनं ठिवलं व्हतं."

"शाना दिसतोय मिस्तरी," ती म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

तातेराव सहाव्या दिवशी परतला, तो परसातला बांध बघून दारातच थबकला. त्यानं पिशवीतून पातळी तपासायची पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक म्हस्कूकडं दिलं, दुसरं आपण धरलं. या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. पुन्हा भांड्याशी जाऊन आला. मग नळी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "लेव्हल कोनी लावली?"

म्हस्कूनं बाजेकडं बोट केलं आणि खालचं भोक, शेणाचा गोळा, काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

तातेरावनं डोक्यावरची टोपी काढली. "सुताचा फरक न्हाई," तो म्हणाला. "आक्का, हे मोजलं कशानं तुमी?"

"मोजलं कुठं? बघितलं."

पाइप तातेरावनं स्वतः बसवले, पण बांधाच्या माथ्याला थापीही लावली नाही. तिनं केलेल्या दांडात पाइप जसेच्या तसे निजवले, जोडांना सोल्युशन लावलं, दोन्ही अंगांना विटा लावून घेतल्या. म्हस्कूचं भोक आतून-बाहेरून सिमेंटनं बंद केलं. बैलगाडीवरच्या टिपाडातून पाणी आणून टाकी भरली, कारण रिकामी टाकी वापरायची नसते. पाणी चढत चढत त्या बुजवलेल्या भोकाच्या वर तीन फूट गेलं तेव्हा म्हस्कू वाकून बघत होता. तातेरावनंही ते बघितलं, पण थट्टा केली नाही.

जोड दोन दिवस सुकू दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणीनं फरशी धुतली, खुर्ची नीट भांड्यावर ठेवली, बादली भरून हाताशी ठेवली. गोपिकाबाई वॉकर टेकत टेकत परसातून निघाली. जोत्याच्या पायरीशी म्हस्कूनं हात पुढं केला, तो तिनं कोपरानं बाजूला सारला. पायरी चढायला तिला बराच वेळ लागला. इंद्रायणी सवयीनं तिच्या मागोमाग निघाली, तशी म्हातारी दारात वळली.

"तू कुठं निघालीस?"

इंद्रायणी जागीच थांबली. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकून दोघंही नवराबायको परसात नुसती उभी राहिली, देवळात आरतीला उभी राहावीत तशी. थोड्या वेळानं आत पाणी ओतल्याचं ऐकू आलं. म्हस्कू खाली बसला आणि विटांच्या मधून दिसणाऱ्या पाइपावर त्यानं तळहात ठेवला. पाणी हाताखालून गेलं. धडधड नाही, घाई नाही. पाइपाच्या पोटातून एक गार, जड हालचाल पुढं सरकत गेली आणि टाकीत जेमतेम ऐकू येईल असं काहीतरी पडलं. त्याच्या मायचं चालणं त्याच्या हातावरून गेलं असं त्याला वाटलं, आणि त्याला हात तिथून उचलवेना.

"म्हस्कू," आतून हाक आली. "पाइपाला हात लावून बसलास व्हय?"

म्हस्कू दचकला. दाराला फट नव्हती, झरोका पलीकडच्या अंगाला होता. "न्हाई माय," तो खोटंच म्हणाला.

"ऊठ तिथनं. तिला बी घेऊन जा. माझं मला एकलीला बसू द्या जरा."

म्हस्कू उठला. इंद्रायणी पदर डोळ्यांना लावून घराला वळसा घालून पुढच्या अंगणात गेली, आणि तो पाय न वाजवता तिच्या मागं गेला.